भांडण तीन पेन्सांचे नव्हते

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षे होतात. त्या निमित्ताने आपल्याकडेही दोन गोष्टी हिरिरीने सांगितल्या जात आहेत. पहिली शाळेच्या पुस्तकातली. इंग्रजांनी वसाहतींवर भरमसाट कर लादले, लोक चिडले, त्यांनी बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला आणि देश स्वतंत्र झाला. जीएसटीचा एखादा दर वाढला की हीच गोष्ट सांगून कुणीतरी सरकारला दम भरतो. दुसरी गोष्ट या पहिलीची टर उडवणाऱ्यांची. कर कसले नि काय, चोरटा माल आणणारे व्यापारी आणि गुलामांचे मालक यांनी आपला खिसा सांभाळायला केलेले ते बंड. स्वातंत्र्याची भाषा म्हणजे नंतर चढवलेला मुलामा. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण भांडण पैशाचे होते हे दोघांनीही न तपासता धरून चाललेले असते. मला ते मान्य नाही. कराची रक्कम या प्रकरणात कधीच निर्णायक नव्हती. कर बसवण्याचा अधिकार कोणाचा आणि त्या पैशातून कोणाचा पगार निघणार, हा वाद होता. त्या वादाचे युद्ध झाले तेही करामुळे नाही. नकार देणाऱ्यांना लंडनने जी शिक्षा दिली तिच्यामुळे.

आधी लंडनची बाजू नीट मांडू. ती सहसा कोणी मांडत नाही, आणि ती कच्ची मुळीच नाही. सात वर्षांचे युद्ध १७६३ साली संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले होते. फ्रेंचांना कॅनडातून हुसकल्याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला? वसाहतींनाच. तिकडे दहा हजार फौज ठेवायची तर दरसाल दोन लाख पौंडांहून अधिक खर्च. त्यातला काही भाग पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी वसाहतींकडे मागितला, यात जुलूम तो काय? इंग्लंडातला माणूस जमिनीवर, बिअरवर, साबणावर, मेणबत्त्यांवर, घराच्या खिडक्यांवरही कर देत होता. मुद्रांक शुल्क तर तो १६९४ पासून भरत होता. त्याच्या मानाने मॅसॅच्युसेट्सचा शेतकरी जवळजवळ करमुक्तच होता. १७६४ च्या साखर कायद्याने मळीवरची जकात वाढवली नव्हती, गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीनवर आणली होती. गोम एवढीच, की सहा पेन्स कोणी भरत नव्हते आणि तीन पेन्स खरोखरच वसूल होणार होते. न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या फ्रेंच बेटांवरून चोरून आणलेल्या मळीवर चालत. पुढे ज्याची सही जाहीरनाम्यावर सर्वांत ठसठशीत उमटली, त्या जॉन हॅनकॉकचे ‘लिबर्टी’ जहाज १७६८ मध्ये जकात खात्याने जप्त केले होते. तस्करांचा हितसंबंध होता आणि तो उघड होता. एवढे सगळे मी मान्य करतो.

पण मग एक प्रश्न उरतो. कर हलका होता, तर तो न भरण्यासाठी एवढा आटापिटा का? याचे उत्तर त्या काळच्या इंग्रजांना आपल्याच इतिहासातून ठाऊक होते. राजा पहिला चार्ल्स याने पार्लमेंटला न विचारता जहाजपट्टी बसवली, तेव्हा जॉन हॅम्पडेन या जमीनदाराने ती नाकारली. १६३७ मध्ये त्याच्यावर जो खटला चालला, तो फक्त वीस शिलिंगांचा. एडमंड बर्कने १७७४ मध्ये कॉमन्स सभेत नेमका हाच दाखला दिला. वीस शिलिंगांनी हॅम्पडेन भिकेला लागला असता का? मुळीच नाही, पण ज्या तत्त्वावर ते मागितले त्या तत्त्वावर त्याने दहा शिलिंग जरी दिले असते, तरी तो गुलाम झाला असता. वसाहतींतले वकील आणि धर्मोपदेशक याच कथांवर वाढलेले होते. आपण काही नवीन करतो आहोत असे त्यांना वाटतच नव्हते. आपण इंग्रज आहोत आणि इंग्रजाने जे करायचे तेच करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मुद्रांक कायदा १ नोव्हेंबर १७६५ पासून लागू व्हायचा होता. वर्तमानपत्रे, दस्तऐवज, परवाने, पत्त्यांचे जोड, सगळ्यांवर स्टॅम्प. ऑगस्टमध्ये बोस्टनच्या जमावाने स्टॅम्पविक्रीचा अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हर याचा पुतळा झाडाला टांगला, आणि बारा दिवसांनी उपगव्हर्नर थॉमस हचिन्सन याचे घर भिंतींपर्यंत लुटून नेले. ही गुंडगिरी होती. तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. पण तिचा परिणाम असा झाला की कायदा लागू होण्याआधीच एकामागून एक वसाहतीतल्या स्टॅम्प अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला. प्रकरण पैशाचे असते तर इथेच मिटले असते. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, ज्यातून एक छदामही मिळणार नव्हता: वसाहतींना ‘कोणत्याही बाबतीत’ बांधून ठेवण्याचा अधिकार आम्हाला आहे, अशी ती नुसती घोषणा होती. म्हणजे रक्कम सोडली आणि हक्क धरून ठेवला. लंडनलाही भांडण कशाचे आहे ते चांगलेच कळत होते.

इथे त्या गाजलेल्या घोषणेविषयी बोलायला हवे: प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही. टीकाकार विचारतात, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला तरी पार्लमेंटमध्ये कुठे प्रतिनिधी होते? ओल्ड सॅरमच्या ओसाड टेकडीला मात्र दोन खासदार होते! मग बोस्टननेच एवढे का रडावे? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो भलत्याच मागणीला उत्तर देतो. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांनी ठरावात स्पष्ट लिहिले की आम्हाला कॉमन्स सभेत प्रतिनिधित्व नाही आणि स्थानिक परिस्थितीमुळे ते असूही शकत नाही. त्यांना वेस्टमिन्स्टरमध्ये दहा-वीस खुर्च्या नको होत्या. खुर्च्या मिळाल्या असत्या तर मतदानात हरून कर निमूट भरावा लागला असता, हे ओळखण्याइतके ते धूर्त होते. आमच्यावर कर बसवायचा तो आमच्या प्रांतिक सभेने, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

प्रांतिक सभेच्या हाती थैली असण्याचा अर्थ काय होता, हे न पाहिल्यामुळेच सगळी चर्चा भरकटते. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजा नेमत असे, पण त्याचा पगार सभा मंजूर करी. त्यामुळे गव्हर्नरला सभेशी जुळवून घ्यावे लागे. १७६७ मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली, तेव्हा त्या पैशाचा एक हेतू कायद्यातच लिहिला होता: गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार. म्हणजे वसाहतींच्याच पैशातून वसाहतींच्या अधिकाऱ्यांना वसाहतींपासून मोकळे करायचे. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार आता राजाकडून निघणार, असे कळले तेव्हा बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहार समिती स्थापन केली आणि गावोगावी खलिते धाडले. लक्षात घ्या, तोवर टाउनशेंडच्या जकातींपैकी चहा वगळता सगळ्या रद्द होऊन दोन वर्षे उलटली होती. बहिष्कार ढिला पडला होता, व्यापार पूर्ववत चालू होता, पेटण्यासारखा कर असा कोणताच नव्हता. तरी समित्यांचे जाळे याच काळात विणले गेले.

आता चहा. १७७३ च्या चहा कायद्याने चहा महाग झाला, असा समज अजूनही आढळतो. वस्तुस्थिती उलटी आहे. ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर होती, बंगाल १७७० च्या दुष्काळाने खंगला होता आणि लंडनच्या गोदामांत पावणेदोन कोटी पौंड वजनाच्या आसपास चहा पडून होता. सरकारने कंपनीला चौदा लाख पौंड कर्ज दिले आणि चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली. पौंडभर चहामागे तीन पेन्स जकात धरूनही तो डच तस्करांच्या चहापेक्षा स्वस्त पडला असता. (त्याच साली, त्याच संकटातून रेग्युलेटिंग ॲक्ट जन्मला आणि मुंबईचे इंग्रज कलकत्त्याच्या हाताखाली आले. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने अमान्य केला आणि वर्षभरात पुरंदरचा तह केला, तो याच कायद्याच्या बळावर. बोस्टनचा चहा आणि पुण्यातले बारभाईंचे राजकारण लंडनच्या एकाच डोकेदुखीला बांधलेले होते, हे आपल्या अभ्यासक्रमात कुठेच येत नाही.) स्वस्त चहाने तस्करांचे पोट मारले जाणार होते, हे खरे. पण सामान्य गिऱ्हाइकाला तर फायदाच होता. मग १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात का गेल्या? कारण त्या उतरल्या असत्या तर जकात भरली गेली असती आणि हक्क मान्य झाला असता. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली जहाजे परत फिरली, चार्ल्सटनचा चहा गोदामात कोंडला गेला. बोस्टनमध्ये गव्हर्नर हचिन्सनने जहाजांना परत जाऊ दिले नाही. चहाच्या अडत्यांत त्याचे दोन मुलगे होते, हा तपशील विसरू नये.

एवढ्यावरही युद्ध अटळ नव्हते. ते करामुळे अटळ झाले असे म्हणणाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातल्या जमैका आणि बार्बाडोस या ब्रिटिश बेटांकडे पाहावे. तेच पार्लमेंट, तोच मुद्रांक कायदा. सेंट किट्स आणि नेव्हिसमध्ये स्टॅम्प जाळले गेले खरे, पण जमैका आणि बार्बाडोसने ते विकत घेतले. डिसेंबर १७७४ मध्ये जमैकाच्या सभेने उत्तरेकडच्या वसाहतींची बाजू घेऊन राजाकडे अर्ज केला, आणि त्याच अर्जात कबूल केले की आम्ही दुबळे आहोत, आमच्यात गोरे थोडे आणि गुलाम दोन लाखांवर. ब्रिटिश फौजेशिवाय त्यांना रात्री झोप लागली नसती, ब्रिटिश बाजारपेठेशिवाय त्यांची साखर विकली गेली नसती. तक्रार सारखी होती, पण ती तडीला नेण्याची ऐपत सारखी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये जवळपास प्रत्येक गावाला नगरसभा होती, स्वतःची शिबंदी होती, आणि दहा वर्षांच्या बहिष्कारांनी एक नवीन सवय लावली होती: इंग्रजी कापड कोण विकतो, चहा कोण पितो, यावर गावाने नजर ठेवायची आणि चुकणाऱ्याचे नाव छापायचे. ही सवय फार सोज्वळ नव्हती. जानेवारी १७७४ मध्ये बोस्टनमध्ये जॉन माल्कम या जकात अधिकाऱ्याला अंगभर डांबर फासून, पिसे चिकटवून गल्लीबोळांतून फिरवले. पण नकार देण्यासाठी बांधलेल्या याच समित्या उद्या कारभार हातात घेऊ शकत होत्या.

घ्यायला लावला लंडनने. फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनला कॉमन्स सभेने विचारले होते, अमेरिकेत फौज पाठवली तर काय होईल? तो म्हणाला, त्यांना तिथे बंड सापडणार नाही. ते बंड घडवू मात्र शकतील. १७७४ च्या वसंतात लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळाने नेमके तेच केले. बुडवलेल्या चहाची भरपाई मिळेपर्यंत बोस्टनचे बंदर बंद. हे एक वेळ शिक्षा म्हणून समजता येते, जरी ती चहाला हातही न लावलेल्या हमालांना आणि कोळ्यांनाही भोगावी लागली. पण दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. वरिष्ठ मंडळ यापुढे निवडून येणार नाही, राजा नेमणार. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय नगरसभा वर्षातून एकदाच. ज्यूरी निवडणार शेरीफ, आणि शेरीफ गव्हर्नरचा माणूस. चहाशी ज्याचा कधी संबंध आला नव्हता, जो बोस्टनच्या व्यापाऱ्यांना लबाड समजत होता, अशा डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याचीही नगरसभा आणि त्याचे कोर्ट एका फटक्यात गेले. तीन पेन्सांनी जे दहा वर्षांत साधले नाही ते या एका कायद्याने तीन महिन्यांत साधले.

त्या उन्हाळ्यात काय झाले हे सांगायला इतिहासकार बहुधा विसरतात, कारण त्यात बंदुकीची गोळी सुटली नाही. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टन येथे जमावाने न्यायाधीशांना कोर्टात शिरू दिले नाही. ६ सप्टेंबर १७७४ रोजी वुस्टर गावात आसपासच्या गावांतून साडेचार हजारांहून अधिक लोक शिबंदीच्या तुकड्या करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. न्यायाधीश आणि अधिकारी टोप्या हातात घेऊन त्यांच्यामधून चालले, नव्या कायद्याखाली काम करणार नाही असा कबुलीजबाब पुन्हा पुन्हा वाचत. राजाने नेमलेल्या मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे दिले किंवा बोस्टनला पळ काढला. नवा गव्हर्नर आणि ब्रिटिश फौजेचा सेनापती जनरल गेज याची सत्ता बोस्टनच्या वेशीत उरली. ऑक्टोबरात प्रांतिक काँग्रेस भरली आणि तिने गावांना सांगितले की गोळा केलेला कर राजाच्या खजिनदाराला देऊ नका, आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनरला द्या. करविरोधी म्हणून ज्यांची ख्याती, त्यांचे पहिले सरकार उभे राहिले ते कर गोळा करूनच. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली तेव्हा ब्रिटिश पलटण काँकॉर्डचा दारूगोळा जप्त करायला निघाली होती, थकलेली जकात वसूल करायला नाही.

त्यानंतरही स्वातंत्र्याला चौदा महिने लागले. कोणी म्हणेल, युद्ध सुरू झाले म्हणजे स्वातंत्र्य ठरलेलेच होते. तसे नव्हते. बंकर हिलची लढाई होऊन गेल्यावर, जुलै १७७५ मध्ये, सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही. ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर जाहीर केल्या, डिसेंबरात त्यांचा सगळा व्यापार बंद केला, जर्मन संस्थानिकांकडून भाडोत्री पलटणी घेतल्या. पार्लमेंट वाईट पण राजा चांगला, या समजुतीवर दहा वर्षे तग धरून असलेल्या माणसांच्या पायाखालून ती समजूत राजानेच काढून घेतली. थॉमस पेनची पुस्तिका जानेवारी १७७६ मध्ये आली, तिने हे मोठ्याने म्हटले. जाहीरनाम्यातल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत संमतीशिवाय लादलेल्या करांची तक्रार अर्ध्याहून पुढे, एका ओळीत येते. यावरही शंका असेल त्याने १७७८ पाहावे. त्या वर्षी पार्लमेंटने कायदा करून वसाहतींवर महसुलासाठी कर बसवण्याचा हक्क सोडून दिला आणि तडजोडीसाठी आयुक्त फिलाडेल्फियाला पाठवले. ज्या गोष्टीसाठी भांडण सुरू झाले असे आपण म्हणतो ती गोष्ट पदरात पडत होती. काँग्रेसने उत्तर दिले: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा आणि आरमार मागे घ्या, मग बोलू. युद्ध पुढे पाच वर्षे रेंगाळले.

आता सर्वांत जड आक्षेप, गुलामगिरीचा. इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सनने १७७५ मध्येच विचारले होते की स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठ्याने ओरडणारे गुलाम हाकणारेच कसे असतात? याला उत्तर नाही, आणि देऊ पाहणारे हास्यास्पद ठरतात. वसाहतींच्या पंचवीस लाख लोकसंख्येत सुमारे पाच लाख माणसे गुलामीत होती. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मुक्त, असे जाहीर केले, तेव्हा दक्षिणेतले कित्येक कुंपणावरचे मळेवाले काँग्रेसकडे वळले. पण गुलामगिरी वाचवणे हेच मूळ कारण, हा निष्कर्ष टिकत नाही. तसे असते तर सर्वांत आधी जमैका फुटली असती. ती सर्वांत निष्ठावान राहिली. आणि डनमोरच्या जाहीरनाम्याआधी वर्षभर सत्ता उलथली होती ती मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे गुलाम थोडे होते आणि जिथल्या न्यायालयाने १७८३ पर्यंत गुलामगिरीच निकालात काढली. बंड करणाऱ्यांचा ढोंगीपणा सिद्ध होतो. बंडाचे कारण त्यातून सिद्ध होत नाही. ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करण्यास मनाई करणाऱ्या १७६३ च्या राजाज्ञेबद्दलही हेच म्हणता येईल. जमिनीचा लोभ होता, आणि त्याची किंमत तिथल्या मूळ रहिवाशांनी मोजली. पण वुस्टरच्या रस्त्यावर लोक उभे राहिले ते ओहायोच्या जमिनीसाठी नव्हे.

मग प्रत्येक कर-असंतोषाचे स्वातंत्र्ययुद्ध का होत नाही? आपल्याकडे मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरले. वाढलेला शेतसारा मागे होताच, पण रोख सावकारावर आणि त्याच्या हाती हुकूमनामा देणाऱ्या कोर्टावर होता. सरकारने पोलीस पाठवले, तसे कमिशनही नेमले, आणि १८७९ मध्ये कायदा करून खताच्या मागे काय व्यवहार झाला ते तपासण्याचा अधिकार कोर्टांना दिला. गावाची चावडी काढून घेतली नाही. दंगे शमले. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये याहून बोलका प्रकार घडला. स्वातंत्र्यानंतर युद्धाचे कर्ज फेडायला तिथल्या निवडून आलेल्या सभेने जे कर बसवले ते ब्रिटिश काळातल्या करांपेक्षा कितीतरी जड होते, आणि ते खणखणीत नाण्यांत हवे होते. १७८६ मध्ये डॅनिएल शेज आणि इतर माजी सैनिकांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पुन्हा कोर्टे बंद पाडली. वुस्टरचेही कोर्ट त्यात होते. या वेळी बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून फौज उभी केली आणि सॅम्युएल ॲडम्ससारखा जुना बंडखोर कठोर शिक्षेची भाषा बोलू लागला. फौजेने बंड मोडले. पण नगरसभा शाबूत होत्या, मतदान शाबूत होते. १७८७ च्या निवडणुकीत लोकांनी गव्हर्नर जेम्स बोडिन यांना पाडले आणि जॉन हॅनकॉकना पुन्हा आणले. कराचा बोजा उतरला, बहुतेक बंडखोरांना माफी मिळाली आणि शेतकरी पेरणीला लागले.